खोट्या ताऱ्याचे पेढे

निरगुडकर सरांनी पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला, दोरा सोडला आणि म्हणाले, "वृंदा, तुझा तारा फुटलाच नव्हता."

मग सर हसले, आणि सर हसले की हसायचं असतं हे ठाऊक असलेली मागच्या खुर्च्यांवरची मंडळीही हसली. मी फळ्यापाशी मार्कर घेऊन उभी होते. फळ्यावर मी काढलेला आलेख होता, मधोमध एक उंच टोकदार सुळका. गेला आठवडाभर मला त्या सुळक्याखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं.

"डमी होता तो," सर म्हणाले. "मुजावरांनी नोंदींत घुसवला, माझ्या सांगण्यावरून. पण तू झकास शोधलास. घे, पेढा घे."

मुजावर खाली मान घालून बसले होते. ते आमचे इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर, मिरजेचे. उपग्रहावरचं आमचं यंत्र निम्म्याहून अधिक त्यांच्या हातचं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा टेबलाकडे पाहू लागले.

आमचं काम काय होतं ते सांगते, म्हणजे माझा संताप कळेल. सूर्याच्या कितीतरी पट मोठा तारा इंधन संपलं की स्वतःवरच कोसळतो आणि फुटतो. त्यातले काही जाता जाता गॅमा किरणांचा झोत सोडतात. झोत जेमतेम काही सेकंदांचा, पण तेवढ्या वेळात तो आकाशातल्या सगळ्यांना मागे टाकतो. हे किरण हवेत अडतात, जमिनीवर पोचत नाहीत, म्हणून यंत्र वर पाठवावं लागतं. यंत्राच्या बाजूंना किरण टिपणाऱ्या पट्ट्या असतात आणि तोंडावर एक जाळी. तिची सावली कशी पडली यावरून झोत कुठून आला ते कळतं. मग जगाला नोटीस पाठवायची: इकडे बघा. कारण झोत विझला तरी त्या जागी मागे थोडा उजेड रेंगाळतो. तो मोठ्या दुर्बिणीनं पकडला तर तारा किती लांब होता, किती जुना होता हे समजतं. एक-दोन रात्रींत तो उजेडही मावळतो. नंतर तिथे काही नसतं.

कुठला तारा कधी फुटेल ते कोणी सांगू शकत नाही. फक्त वाट बघायची. मी तीन वर्षं वाट बघत होते. यंत्राला एका वेळी आकाशाचा छोटासा तुकडाच दिसायचा, आमच्या खात्यावर अजून एकही स्फोट नव्हता.

होती ती एक फजिती. मी रुजू होण्याआधी सरांनी एकदा घाईघाईनं नोटीस पाठवली होती, आणि तो तारा नव्हताच, आमच्याच यंत्रातला खडखडाट होता. पुढच्या परिषदेत कोणीतरी भर सभेत त्यावरून टोमणा मारला. सरांनी त्याचा धसका घेतला. त्यातून ही डमीची पद्धत निघाली. अधूनमधून नोंदींत एक बनावट स्फोट टाकायचा, कोणाला सांगायचं नाही, आणि मंडळी तो कसा हाताळतात ते बघायचं. तालीम झाली की पेढे.

पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही. इतरही करतात. पण त्या सोमवारी पेढा हातात घेऊन उभी असताना मला एवढंच दिसत होतं की आठ दिवस मी ज्याच्यासाठी धड जेवले नाही, ते या दोघांनी चहा पिता पिता रचलं होतं.

आणि मी दादांना फोन केला होता. माझे वडील फलटणला साखर कारखान्यात बॉयलरवर होते, नुकतेच निवृत्त झालेले. कोणाला सांगू नका असं बजावून मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी फक्त केशकर्तनालयात सांगितलं, म्हणजे सगळ्या फलटणला. संध्याकाळी मला पुन्हा फोन करून तारा खोटा होता हे सांगावं लागलं. दादांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "म्हंजे फुटला नाही ना? बरं झालं की मग." मला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

पण त्या बैठकीत मी एक बोलले होते. "सर, मुख्य यंत्रात सुळका होता, पण बाजूच्या पट्ट्यांत काहीच नव्हतं. खरा झोत असता तर पट्ट्यांतही थोडा दिसला असता. मी आधी तिकडे बघायला हवं होतं."

सर खूश झाले. "बघा मुजावर, पकडलं हिनं. पुढच्या वेळी पट्ट्यांतही टाका." मग बोट उंचावून म्हणाले, "पुढचा एप्रिलमध्ये टाका, पण कधी टाकला ते मलासुद्धा सांगू नका. कोणी विचारलं, डमी आहे का? नाही म्हणायचं. मी विचारलं तरी नाही म्हणायचं. कळलं?"

"हो सर," मुजावर म्हणाले.

हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं यावरच आहे.

एप्रिलमधला शुक्रवार होता. उपग्रह दिवसातून काही वेळा आमच्या डोक्यावरून जाताना साठवलेल्या नोंदी खाली सोडायचा. दुपारची खेप आली तेव्हा मी डबा उघडत होते. मटकीची उसळ होती. पहिला घास घेण्याआधी सवयीनं पडद्याकडे पाहिलं, आणि डबा तसाच झाकून ठेवला.

सुळका होता. एक नव्हे, आधी एक मोठा, मग थोडं खाली उतरून पुन्हा एक, आणि मग लांब उतार. मी आधी बाजूच्या पट्ट्या पाहिल्या. तिथेही तोच चढ, तोच उतार, त्याच क्षणी. सूर्याचं काही चाळवलं होतं का ते पाहिलं. सूर्य शांत होता. जाळीची सावली सोडवली. जागा निघाली चित्रा नक्षत्राच्या जवळ, म्हणजे रात्रभर आकाशात राहणारी. अशा कामासाठी मागूनही मिळत नाही अशी जागा. मग इतर देशांच्या उपग्रहांची पानं उघडली. त्यांतला एक त्या वेळी पृथ्वीच्या पलीकडे होता, दुसरा दुरुस्तीसाठी बंद ठेवलेला होता. कोणाचीही नोटीस नव्हती.

म्हणजे हे फक्त आम्ही पाहिलं होतं.

नोटीस सरांच्या नावानं जायची. पासवर्ड त्यांच्याकडे. मी कागद घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून आलेख पाहिला, पट्ट्यांचा आलेख पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं. पेढ्यांच्या दिवशीचं.

"सुरेख," ते म्हणाले. "अगदी सुरेख. सगळी तपासणी नीट पूर्ण कर. सोमवारी बैठकीत मांड."

"सर, नोटीस आज जायला हवी. सोमवारपर्यंत तिथे काही उरणार नाही."

"घाई नको. घाईनं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे."

"तुम्हाला हा डमी वाटतोय."

"असं विचारायचं नसतं, वृंदा."

"मी विचारत नाहीये. तुम्हाला वाटतोय, हे मी सांगतेय. पट्ट्या बघा, सर. पट्ट्यांत आहे."

"आहे ना," सर म्हणाले, आणि त्यांना खरोखरच कौतुक वाटत होतं. "मुजावरांनी या वेळी काही कसर ठेवली नाही. तुझ्याच सूचनेवरून."

मी त्यांच्या टेबलावर दोन्ही हात टेकून उभी राहिले. त्या टेबलावर काचेखाली त्यांचे मोठमोठ्या लोकांबरोबरचे फोटो होते. मला वाटलं, ही काच आत्ता फोडावी. मी नुसतीच बाहेर आले.

मुजावर गुरुवारीच रजेवर गेले होते. धाकट्या बहिणीचं लग्न होतं मिरजेला. मी फोन लावला, कोणी उचलेना. चौथ्या खेपेला उचलला. मागे देगची ओढल्याचा आवाज, बायकांचं बोलणं.

"मुजावर, तुम्ही डमी टाकलाय का?"

"नाही मॅडम."

"नियम सोडा. मला खरं सांगा."

"खरंच सांगतोय. या महिन्यात टाकायचा होता, पण लग्नाच्या गडबडीत राहून गेला. आल्यावर टाकणार होतो. का, काय झालं?"

मी सांगितलं. मागचे आवाज लांब गेले; मुजावर बाहेर आले असावेत. मग ते म्हणाले, "पट्ट्यांतपण?"

"पट्ट्यांतपण."

"मॅडम, पट्ट्यांत टाकायचं अजून मला जमलेलं नाही. ती सोय करायचीच आहे." त्यांचा आवाज बदलला. "अहो, हा खरा आहे. सरांना सांगा लगेच. थांबा, मीच लावतो त्यांना."

त्यांनी लावला. पाच-दहा मिनिटांत सरांच्या केबिनमधून हसण्याचा आवाज आला. दार उघडून सर बाहेर आले आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बहिणीच्या लग्नातून फोन करून सांगतायत, सर, मी टाकला नाही. पट्ट्यांत टाकायचं जमतच नाही म्हणतायत, वर आईची शपथ घेतायत. काय माणूस आहे. नियम म्हणजे नियम."

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि हसू मावळलं. "तू त्यांना फोन केलास? हे बरोबर नाही केलंस, वृंदा. तालमीचा अर्थच राहत नाही अशानं."

ज्यानं नाही म्हणायचं, तो नाही म्हणाला. जे खरं वाटावं म्हणून रचायचं, ते खरं वाटत होतं. सरांनी स्वतःच्या हातानं बाहेरून कडी लावली होती आणि आत आम्ही सगळे.

लडाखमधल्या दुर्बिणीवर नोर्बू म्हणून निरीक्षक होता. आमची ओळख फोनवरची. मी त्याला जागा सांगितली.

"मॅडम, आज रात दूसरे लोगों का टाइम है," तो म्हणाला. "बिना नोटिस मैं नहीं घुमा सकता. नोटिस भेज दीजिए, पाँच मिनट में घुमा दूँगा."

"आकाश कसं आहे?"

"एकदम साफ. भेजिए, मैं बैठा हूँ."

संध्याकाळी मी सरांच्या क्वार्टरवर गेले. ते बागेत गुलाबाच्या कुंड्यांत खत घालत होते. हात मातीनं भरलेले. मला पाहून म्हणाले, "ये, ये. चहा घेणार?"

"सर, माझं एक ऐका. पासवर्ड टाका. नोटिशीत माझं नाव घाला, सगळी जबाबदारी माझी. डमी निघाला तर मी त्याच दिवशी राजीनामा देते."

"बस खाली."

"नको. चित्रा वर येतेय. लडाखला माणूस थांबलाय."

सरांनी खुरपं ठेवलं. आता त्यांनाही राग आला होता, पण त्यांचा राग शांत असायचा, समोरच्याला लहान करणारा. "राजीनामा तू देशील. हसं माझं होईल. तू त्या परिषदेत नव्हतीस. चारशे लोक हसले होते, वृंदा. आपलीच तालीम आपण खरी समजून जगाला कळवली, हे कळल्यावर कोणी आपली नोटीस पुन्हा उघडून तरी बघेल का?"

"आणि खरा असेल तर?"

"नाहीये."

"तुम्हाला कसं माहीत?"

"कारण या महिन्यात एक पडणार हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "आणि पडला."

मी तिथेच उभी राहून ओरडले. आयुष्यात मोठ्या माणसावर मी तेवढं एकदाच ओरडले आहे. काय बोलले ते सगळं आठवत नाही. तो तारा आपली ही पृथ्वी नव्हती तेव्हा मेला असेल, एवढं म्हटल्याचं आठवतं. त्याचा उजेड तेव्हापासून येतोय, आणि आज दुपारी पोचला, फक्त आपल्याकडे पोचला, आणि तुम्ही कुंडीत खत घालताय. शेजारच्या क्वार्टरची खिडकी उघडली. सर म्हणाले, "घरी जा. झोप काढ. सोमवारी तूच हसशील."

मी घरी गेले. शनिवार गेला, रविवार गेला. दोन्ही दिवस मी सरांना फोन केला. शनिवारी त्यांनी उचलला आणि "सोमवारी" एवढंच म्हणाले. रविवारी उचललाच नाही. मुजावरांचा फोन तर दोन्ही दिवस उचलला नाही. मुजावर बहिणीची पाठवणी झाल्या झाल्या एसटीत बसले.

सोमवारी बैठकीला सर वेळेआधी आले होते. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स. त्याच दुकानाचा, तसाच पांढरा दोरा. मुजावर माझ्या शेजारी येऊन बसले. रात्रभरच्या प्रवासानं डोळे लाल झाले होते, हातावर लग्नातली मेंदी होती. कोणीतरी भाचीनं चिमूटभर लावलेली.

"तर," सर म्हणाले, "आमच्या वृंदाबाई शुक्रवारपासून आमच्यावर रुसल्या आहेत. मुजावर, आता नियम संपला. आता खरं बोललात तरी चालेल."

"सर, मी टाकला नव्हता."

सर हसले. "अहो, संपली तालीम."

"मी शुक्रवारी पण खरंच बोलत होतो, सर," मुजावर म्हणाले. "शनिवारी, रविवारी तुम्ही फोन घेतला नाहीत. मी टाकलेलाच नाही. माझा संगणक उघडून देतो, बघा, मी काही टाकलं असतं तर तिथे नोंद असती."

सरांचे हात दोऱ्यावर होते. गाठ सोडता सोडता ते थांबले. ते कोणाकडेच बघत नव्हते. मागच्या खुर्च्यांवरची मंडळी हसायला तयार बसली होती, तीही चुळबुळायला लागली. मी वाट बघत होते, ते आता काय म्हणतात. एवढ्या रागातही मला वाटत होतं, हा माणूस आता माफी मागेल, आणि मग मी काय करू?

ते म्हणाले, "आत्ता पाठवू."

त्यांनी स्वतः नोटीस टाइप केली. मी मागे उभी होते. वेळ, जागा, तीव्रता, सगळं बरोबर. शेवटी त्यांनी लिहिलं, तांत्रिक कारणामुळे ही नोटीस उशिरा पाठवत आहोत.

"कुठलं तांत्रिक कारण?" मी विचारलं.

"असं लिहायची पद्धत आहे."

"यंत्र बिघडलं होतं? उपग्रहानं नोंदी पाठवल्या नाहीत? सर, तांत्रिक म्हटलं की जग मुजावरांकडे बघणार. त्यांचं यंत्र चोख होतं. एवढ्या सगळ्यात तेच एक चोख होतं."

"मग काय लिहू?" सर वळले. त्यांचा आवाज चिरका झाला होता. "निरगुडकर मूर्ख आहे, असं लिहू?"

"नाही. आम्हाला तो खोटा वाटला, एवढंच लिहा."

मुजावर मागून हळू म्हणाले, "जाऊ द्या, मॅडम."

"नाही जाऊ देत."

सरांनी पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी 'तांत्रिक' हा शब्द खोडला. आणि माझ्या डोळ्यांदेखत पुढचं 'कारणामुळे'ही खोडलं. कारण उरलंच नाही. ही नोटीस उशिरा पाठवत आहोत, एवढंच राहिलं, आणि त्यांनी बटण दाबलं.

त्या रात्री नोर्बूनं दुर्बीण वळवली. मंगळवारी सकाळी त्याचा फोन आला.

"वहाँ कुछ नहीं है, मॅडम."

"माहीत होतं," मी म्हणाले. "शुक्रवारी तुम्हाला उगीच ताटकळत ठेवलं. ज्यांची वेळ होती त्यांचं तरी झालं ना नीट?"

त्यानं आधी 'हाँ जी' म्हटलं. मग म्हणाला, "उनका काम जल्दी खत्म हो गया था, मॅडम. उसके बाद सुबह तक दूरबीन खाली थी. मैं फोन के पास ही बैठा था."

मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांना हे शब्दशः सांगितलं. का सांगितलं? त्यांना बोचावं म्हणून सांगितलं, दुसरं काही कारण नव्हतं. आदल्या दिवशीचा पेढ्यांचा बॉक्स त्यांच्या कपाटावर तसाच होता, अर्धवट सुटलेल्या दोऱ्यासकट. सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला. म्हणाले, "बरं. पण हे कुठे लिहू नकोस."

मी लिहिलं नाही. वर्षभरात ती संस्था सोडली, दुसरीकडे गेले, पुढे बरेच तारे पाहिले. त्या शुक्रवारच्या ताऱ्याचं अंतर आजही कोणाला माहीत नाही आणि कधीच माहीत होणार नाही. मुजावरांशी बोलणं असतं. दादा होते तोवर त्यांना तो तारा खरा होता हे मी तीन-चारदा सांगितलं. दर वेळी ते विचारायचे, मग तुझं नाव कुठे आलं नाही ते? पेढा मी तेव्हापासून खात नाही. लोकांना वाटतं, मला साखर आहे.

गेल्या आठवड्यात सरांच्या पंच्याहत्तरीच्या समितीचा फोन आला. गौरव अंक काढतायत. जुन्या विद्यार्थ्यांकडून एकेक आठवण हवी आहे. सरांचा स्वभाव, त्यांची शिस्त, त्यांच्या कामाच्या पद्धती, असं काहीतरी. "तुम्हाला जसं आठवेल तसं लिहा, मॅडम," पलीकडचा मुलगा म्हणाला. "सरांनी स्वतः तुमचं नाव सुचवलं."

मला जसं आठवलं तसं लिहिलं आहे. आज पाठवते आहे.